आधी आकार, मग रंग

कारखाना, गोदाम, शेत, दवाखाना अशा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा पाट्यांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. भोसरीपासून वणीपर्यंतची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये पेंटरने सगळ्याच पाट्या लाल रंगवल्या. हेल्मेट घाला, आत येऊ नका, जमीन घसरडी आहे, सगळं लाल. तो म्हणतो, लाल म्हणजे सेफ्टी. बदलून घ्यावं का? (भोसरी)

घ्यावं. सगळ्याच पाट्या ओरडायला लागल्या की कुणीच कुणाचं ऐकत नाही. शिवाय पाटीवरचा रंग एकटा काही सांगत नाही, तो आकाराच्या जोडीनं बोलतो. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे इशारा आणि चौकोन म्हणजे माहिती, एवढं आधी डोक्यात बसवायचं. रंग त्यानंतर.

हुकूम दोन प्रकारचे. लाल कडं, आत पांढरी जमीन, काळं चित्र आणि वरच्या डाव्या बाजूनं खाली उजवीकडे उतरणारी लाल तिरपी पट्टी म्हणजे 'करायचं नाही'. पूर्ण निळी तबकडी आणि तिच्यावर पांढरं चित्र म्हणजे 'करायचंच'. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, कानाचे मफ हे सगळे निळ्यात जातात. पिवळा त्रिकोण, काळी कड, काळं चित्र म्हणजे सावध राहा. तुमची घसरडी जमीन इथे येते. हिरवा चौकोन किंवा आयत आणि पांढरं चित्र म्हणजे सुटका किंवा मदत: बाहेर पडायची वाट, प्रथमोपचार, डोळे धुवायचा नळ. उरला लाल चौकोन, पांढऱ्या चित्राचा. तो फक्त आग विझवण्याच्या साहित्यासाठी राखून ठेवलेला आहे.

आपल्याकडे हे आयएस ९४५७ या मानकात आहे आणि जगभर आयएसओ ७०१० मध्ये. पेंटरला नुसतं 'हेल्मेटची पाटी कर' म्हणाल तर तो नेटवरून मिळेल ते चित्र उचलेल. त्यापेक्षा आयएसओचा क्रमांक द्या. मनाईच्या क्रमांकांना पी, हुकमाला एम, इशाऱ्याला डब्ल्यू, सुटकेला ई आणि आगीच्या साहित्याला एफ हे अक्षर असतं. हेल्मेट एम०१४, गॉगल एम००४, धूम्रपानबंदी पी००२, घसरडी जमीन डब्ल्यू०११, विजेचा धोका डब्ल्यू०१२, प्रथमोपचार ई००३, फायर सिलिंडर एफ००१.

आणखी एक चूक हमखास होते. लाल कडं बारीक काढतात, चित्र मोठं दिसावं म्हणून. मनाईच्या पाटीत लाल रंगानं निदान ३५ टक्के जागा व्यापली पाहिजे. बाकी चारही प्रकारांत मुख्य रंग निदान ५० टक्के हवा. लांबून चित्र कळण्याआधी रंगाचा ठिपका आणि त्याचा आकार कळतो, म्हणून हा हिशेब.

प्रश्न : लाल म्हणजे मनाई असेल तर फायर सिलिंडरवर लाल पाटी बघून नवा माणूस त्याला हात लावायला घाबरणार नाही का? (सातपूर, नाशिक)

म्हणूनच ती पाटी चौकोनी असते आणि तिच्यावर तिरपी पट्टी नसते. घोटाळा होतो तो पेंटरनं सिलिंडरचं चित्र लाल गोलात काढल्यावर. अशी पाटी खरोखरच 'याला हात लावू नका' असं सांगते.

ही पाटी सिलिंडरच्या वर, डोक्यापेक्षा उंच लावा. सिलिंडरसमोर खोके रचले जाणार हे गृहीत धरायचं. पाटी सिलिंडरच्याच उंचीवर असेल तर दोघंही एकदमच खोक्यांमागे जातात.

जाता जाता, बाहेरून आलेल्या मशीनसोबत अमेरिकी सिलिंडर आला असेल तर त्यावरच्या 'सी' अक्षराकडे नीट बघा. तिकडे सी म्हणजे विजेची आग. आपल्या मानकात सी म्हणजे पेट घेणाऱ्या वायूची आग.

प्रश्न : लहानपणापासून एसटीत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' लाल अक्षरांत वाचत आलो. मॉलमध्ये तेच हिरव्यात असतं. बरोबर कोणतं? (सातारा)

आज पाटी करायची असेल तर हिरवी. लाल अक्षरांची सवय मात्र उगीच लागलेली नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ३८व्या कलमात मुळात असं लिहिलेलं होतं की आगीत बाहेर पडायची जी दारं-खिडक्या रोजच्या वापरात नाहीत, त्यांच्यावर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत, पुरेशा मोठ्या लाल अक्षरांत खूण करावी, किंवा सहज कळेल असं दुसरं चिन्ह लावावं. हे कलम १९८७च्या दुरुस्तीत बदललं. पण जुन्या गिरण्या आणि कारखान्यांत पेंटरच्या दोन पिढ्या 'बाहेर' हा शब्द लाल रंगात लिहीत आल्या, आणि भिंती काही रातोरात रंगवल्या जात नाहीत.

हिरव्या पाटीतला दारातून पळणारा माणूस जपानचा. युकिओ ओता यांच्या रेखाटनावरून तो तयार झाला आणि १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकात आला. त्याची डावीकडे पळणारी आणि उजवीकडे पळणारी अशी दोन रूपं आहेत, ई००१ आणि ई००२. दुकानदार बहुतेक वेळा एकच ठेवतो आणि बाण वेगळा चिकटवून देतो. मग माणूस एकीकडे पळतोय आणि बाण दुसरीकडे दाखवतोय अशी पाटी भिंतीवर येते. धुरात, घाईत कुणी बाणाचा विचार करत बसत नाही. दोन्ही एका दिशेला नसतील तर पाटी परत करा.

प्रश्न : रस्त्यावरचा इशाऱ्याचा त्रिकोण लाल काठाचा आणि पांढरा असतो, कारखान्यातला पिवळा. ड्रायव्हर लोक गोंधळत नाहीत का? (चाकण)

त्रिकोणापुरता गोंधळ होत नाही, कारण दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच. गोलात होतो. रस्त्यावर वेगमर्यादेच्या पाटीला नुसतं लाल कडं पुरतं, तिरपी पट्टी लागत नाही. ते बघून पेंटर कारखान्यातल्या मनाईच्या पाटीवरही पट्टी गाळतो. पट्टी नसलेल्या लाल कड्यात फोर्कलिफ्ट काढली तर ती 'इथे फोर्कलिफ्ट चालते' अशीही वाचता येते. गेटच्या आतल्या रस्त्यांवर वेग आणि वळणाच्या पाट्या रस्त्याच्या पद्धतीच्याच ठेवा, ट्रकवाल्याला त्याच ओळखीच्या आहेत. शेडचं दार ओलांडलं की कारखान्याची पद्धत सुरू.

प्रश्न : पाटी किती मोठी करावी? आमच्या गेटवर १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स आहे, त्यात सगळ्या सूचना एकत्र दिल्या आहेत. (बोईसर)

सोपा हिशेब आहे. पाटी जितक्या मीटरवरून दिसायला हवी त्या आकड्याचा वर्ग करा आणि २००० नं भागा. येईल तेवढे चौरस मीटर पाटीचं क्षेत्रफळ कमीत कमी हवं. साधारण ५० मीटरपर्यंत हे सूत्र चालतं.

१० मीटरसाठी ०.०५ चौरस मीटर येतं. म्हणजे चौकोन असेल तर बाजू साडेबावीस सेंटिमीटर, गोल असेल तर व्यास २५ आणि समभुज त्रिकोण असेल तर बाजू ३४ सेंटिमीटर. त्रिकोणाचे कोपरे जागा खातात, त्यामुळे तो नेहमी मोठा करावा लागतो. पेंटर मात्र तिन्ही एकाच मापाच्या चौकटीत बसवतो आणि इशाऱ्याचीच पाटी लहान पडते. २० मीटरसाठी बाजू दुप्पट करा, दीडपट नव्हे. एफोर कागदावर प्रिंट काढून लॅमिनेट केलेली पाटी फार तर ११ मीटरपर्यंत चालते, तीही चित्र कागदभर असेल तरच.

आता तुमचा फ्लेक्स. एवढ्या मोठ्या कापडावर सूचनांची गर्दी असली की एकेका तबकडीचा व्यास आठेक सेंटिमीटर उरतो. वरच्या हिशेबानं ती जेमतेम ३ मीटरवरून वाचता येते. पाळी सुरू होताना गेटमधून शंभर माणसं आत जात असतात. तिथे ३ मीटरवर थांबून कोण वाचणार? फ्लेक्स इन्स्पेक्टरला दाखवायला ठीक आहे. कामाची पाटी त्या त्या जागी हवी: गॉगलची ग्राइंडरशी, कानाच्या मफची कॉम्प्रेसर रूमच्या दारावर, आणि तीही दार उघडायच्या आधी दिसेल अशी. दार आत उघडून भिंतीला टेकलं की पाटी झाकली जाते, म्हणून दारापेक्षा चौकटीशेजारची भिंत बरी.

प्रश्न : बाहेर पडायच्या वाटेवर रेडियमची पाटी लावली आहे. लाइट गेल्यावर टॉर्च मारला तर चमकते, एरवी दिसतच नाही. माल खराब आहे का? (इचलकरंजी)

माल ठीक आहे, तुम्हाला दिलेला प्रकार चुकीचा आहे. आपल्याकडे 'रेडियम' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि दोन्हींत रेडियम नसतं. जुन्या घड्याळांच्या तबकडीवर रेडियमचा रंग लावत, नाव तिथून राहिलं.

पहिला प्रकार गाडीच्या नंबरप्लेटवरचा. त्यावर पडलेला उजेड तो आला त्याच दिशेला परत पाठवतो. हेडलाइट असेल तरच उपयोग, मिट्ट काळोखात शून्य. दुसरा प्रकार उजेड साठवून ठेवतो आणि अंधारात स्वतः हिरवट-पिवळा प्रकाश देतो. जिना आणि बाहेरच्या वाटेसाठी तो हवा. विकत घेताना हातानं झाकून आत डोकावून बघा. स्वतः चमकला तर तो दुसरा.

त्याचीही एक अट आहे. आधी उजेड मिळाला नाही तर तो काय साठवणार? ज्या जिन्यातला दिवा वीज वाचवायला कायम बंद असतो तिथे ही पाटीसुद्धा काळीच राहील. तिथे बॅटरीवरची प्रकाशित पाटी लावा.

प्रश्न : पॅनेलवर पिवळा त्रिकोण आणि विजेचा बाण लावला आहे. इन्स्पेक्टरने कवटीचीच पाटी लावा म्हणून सांगितलं. आणि ४४० व्होल्टच का लिहितात? (मिरज)

इन्स्पेक्टरचं बरोबर आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार २५० व्होल्टच्या वरच्या जोडणीवर धोक्याची कायमची पाटी लागते. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत हवा, आणि आयएस २५५१ प्रमाणे कवटी व हाडांचं चित्र हवं. गावातल्या डीपीवर असते तीच ही पाटी. पिवळा त्रिकोण काढायची गरज नाही, पण तो कवटीच्या जागी चालत नाही.

४४० हा ढोबळ जुना आकडा. घरात येतात ते २३० व्होल्ट, एका फेजचे. दोन फेजमध्ये त्याच्या सुमारे १.७३ पट, म्हणजे ४०० च्या आसपास दाब असतो. गावात उतरणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा ठरीव दाब ४३३ व्होल्ट. त्याचं बोलताना ४४० झालं आणि पाटीवरही तेच राहिलं.

प्रश्न : प्रथमोपचार पेटीवर लाल फुली काढू नका असं सेफ्टी ऑडिटमध्ये लिहून आलं. सगळीकडे तर लालच असते! (पिंपरी)

असते, आणि दोष तुमचा नाही. फॅक्टरीच्या जुन्या नियमांतच पेटीवर पांढऱ्या जमिनीवर लाल फुली असावी असं लिहिलेलं असे. पण लाल फुली हे युद्धातल्या वैद्यकीय सेवेचं आणि रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. दवाखाने, औषधाची दुकानं, डॉक्टरांच्या गाड्या यांच्यावर ते सर्रास दिसतं, ही गोष्ट वेगळी. तुम्ही हिरव्या चौकोनात पांढरी फुली काढा. नियमही पाळला जातो आणि बाकीच्या हिरव्या पाट्यांशी मेळही बसतो.

प्रश्न : आमच्या गोदामात एकाच सॉल्व्हंटच्या ड्रमवर, टँकरवर आणि भिंतीवर तीन वेगवेगळे तिरपे चौकोन आहेत. एकात २ लिहिलंय, दुसऱ्यात ३. कामगारांना काय शिकवायचं? (लोटे परशुराम, खेड)

तिरपा चौकोन दिसला की भिंतीचे नियम विसरायचे, हे पहिलं. तिथे हिरवं म्हणजे सुरक्षित नाही आणि निळं म्हणजे हुकूम नाही. तीन वेगळ्या पद्धती आहेत आणि तिन्हींत आकार सारखाच असल्यानं डोकं चक्रावतं.

ड्रमवरचा पांढरा, लाल काठाचा, आत काळं चित्र असलेला चौकोन जीएचएस म्हणजे रसायनांचे धोके दाखवायच्या जागतिक पद्धतीचा. हाताळणाऱ्याला नेमका धोका सांगायचं त्याचं काम. अशी नऊ चित्रं आहेत. त्यातल्या दोन ज्वाळा नीट ओळखायला शिकवा. नुसती ज्वाळा म्हणजे वस्तू पेट घेते. वर्तुळावर बसलेली ज्वाळा म्हणजे वस्तू दुसऱ्याची आग भडकवते, जसं हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा अमोनियम नायट्रेट. दोन्ही 'आगीचेच' म्हणून एका रॅकमध्ये ठेवले की भट्टी तयारच. छातीवर चांदणीसारखी फूट असलेल्या माणसाचं चित्रही कामगार नेहमी चुकीचं वाचतात. ते आज होणाऱ्या त्रासाचं नाही, फुप्फुसं, मेंदू, गर्भ यांना पुढे होणाऱ्या इजेचं आहे.

टँकरवरचा रंगीत चौकोन वाहतुकीचा. लाल म्हणजे पेट घेणारं, अर्धा पांढरा अर्धा काळा म्हणजे भाजणारं, पिवळा म्हणजे आग भडकवणारं. हिरवा म्हणजे न पेटणारा दाबाखालचा वायू, उदाहरणार्थ नायट्रोजन. बंद खोलीत गळला तर तो कसलाही वास न येता माणसाला गुदमरवतो. निळा म्हणजे पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारं. कॅल्शियम कार्बाइड त्यातलं, आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. त्या गाडीवर पाण्याचा पाइप सोडणं म्हणजे आगीला खतपाणी.

भिंतीवरचा चार खणांचा चौकोन अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या पद्धतीचा, आग विझवायला येणाऱ्यांसाठी. वर लाल खण आगीचा, डावा निळा आरोग्याचा, उजवा पिवळा अस्थिरतेचा, खालचा पांढरा खास सूचनेचा. आकडे ० ते ४, आणि ४ सर्वांत वाईट.

आता तुमचा २ आणि ३. जीएचएसमध्ये उलटं आहे: तिथे १ हा वर्ग सर्वांत वाईट. टोल्यूइन या सॉल्व्हंटचंच बघा. जीएचएसमध्ये ते ज्वलनशील द्रवांच्या वर्ग २ मध्ये येतं, एनएफपीएच्या लाल खणात त्याला ३ मिळतात. द्रव तोच, धोकाही तोच, मोजायची टोकं उलटी. म्हणून कामगारांना आकडे पाठ करायला लावू नका. ड्रमवर चित्र बघायचं, टँकरवर रंग, आणि आकडा दिसला तर सुपरवायझरला विचारायचं, एवढं बास.

टँकरच्या मागच्या माहितीपट्टीवरचा चार अंकी क्रमांक मात्र लिहून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती पट्टी लागतेच. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, एलपीजी १०७५, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५. क्रमांकासोबत कोड असतो. पेट्रोलचा 3वाय-ई: ३ म्हणजे फोम वापरा, वाय म्हणजे श्वसनयंत्र लावा आणि द्रव गटारात जाऊ न देता अडवा, ई म्हणजे आसपासची वस्ती हलवायचा विचार करा. अपघात झाला तर फायर ब्रिगेडला फोनवर हे दोन आकडे-अक्षरं सांगितली तर गाडी योग्य साहित्य घेऊनच निघते.

प्रश्न : फवारणीच्या औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण असेल तर ते निर्धोक समजायचं का? (वणी, यवतमाळ)

नाही. आपण विषाला 'औषध' म्हणतो, तिथेच अर्धी गफलत आहे, उरलेली अर्धी हा हिरवा रंग करतो.

१९७१च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर तिरपा चौकोन असतो, आडवा मधोमध दुभागलेला. खालच्या अर्ध्यात रंग आणि वरच्यात शब्द. लाल रंग, वर कवटी आणि 'पॉयझन' म्हणजे अतितीव्र विष. मोनोक्रोटोफॉस यात येतं. पिवळा आणि 'पॉयझन' त्याच्या खालोखाल. निळा आणि 'डेंजर' मध्यम. हिरवा आणि 'कॉशन' सर्वांत कमी. 'कमी' हा शब्द महत्त्वाचा, 'नाही' नव्हे.

ही प्रतवारी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून ठरते: किती मात्रेत निम्मे प्राणी मरतात. तोंडावाटे दिलेली मात्रा दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे हा रंग एकाच वेळी शरीरात गेलेल्या विषाची तीव्रता सांगतो. आठवडाभर रोज घामेजल्या कातडीतून थोडं थोडं मुरलं तर काय होईल, दोन-तीन औषधं एका पंपात मिसळली तर काय होईल, हे त्यातून कळत नाही. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. अशा पिकात नोझल वर धरावं लागतं आणि फवारा परत तोंडावर येतो.

म्हणून रंग कोणताही असो, वारा पाठीवरून येईल असं चाला, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला, तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकू नका, अंगावर सांडलं तर काम थांबवून लगेच साबणानं धुवा. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर दवाखान्यात जाताना डबा किंवा निदान त्याचं लेबल सोबत न्या. उताऱ्याचं नाव त्यावर छापलेलं असतं, आणि डॉक्टरला 'कपाशीचं औषध होतं' एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. मजुराला वाचता येत नसेल तर डबा फोडण्याआधी त्रिकोण दाखवून समजावणं हे मालकाचं काम.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीतल्या एका चांगल्या कारागिराला लाल-हिरवं ओळखता येत नाही. त्याला कामावर ठेवणं धोक्याचं आहे का? (शिरोली, कोल्हापूर)

पाट्यांपुरतं म्हणाल तर नाही. आकार वेगळे ठेवण्यामागचं एक कारण अशी माणसंच आहेत, आणि हा दोष पुरुषांत बायकांपेक्षा बराच जास्त आढळतो. खाण्याच्या पाकिटांवर हेच घडलं. शाकाहारीला हिरवा आणि मांसाहारीला तपकिरी, दोन्ही गोल ठिपके होते. २०२०च्या लेबल नियमांत मांसाहारी ठिपक्याचा त्रिकोण झाला.

खरी अडचण पाट्यांत नाही, तर जिथे फक्त रंग आहे तिथे येते. पॅनेलवरचे लाल-हिरवे दिवे, वायरी, पाइपवरचे पट्टे. दिव्यांच्या जागा सगळ्या मशीनवर एकाच क्रमानं ठेवा आणि खाली शब्द लिहा. पाइपवर रंगासोबत नाव आणि प्रवाहाचा बाण काढा. लाल रंग काहींना जवळजवळ काळा दिसतो. म्हणून मनाईच्या पाटीतली पांढरी जमीन स्वच्छ हवी, नाहीतर काळं चित्र आणि लाल पट्टी त्यांच्यासाठी एकच गोळा होतो.

प्रश्न : बाहेरून आलेल्या मशीनवर नारिंगी पट्टीची पाटी आहे. तुमच्या पाच प्रकारांत नारिंगी कुठे बसतो? (वाळूज)

बसत नाही, ती अमेरिकी पद्धत आहे. तिकडे वरच्या पट्टीतला शब्द धोक्याची पायरी सांगतो. लाल 'डेंजर' म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, नारिंगी 'वॉर्निंग' म्हणजे होऊ शकते, पिवळा 'कॉशन' म्हणजे किरकोळ इजा. पाटी काढू नका, शेजारी मराठीत लिहा.

प्रश्न : भंगारात तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेलं डबडं आलं तर काय करायचं? (भिवंडी)

ते किरणोत्सर्गाचं चिन्ह आहे. डबडं तोडायचं नाही, कापायचं नाही, हलवायचंही नाही. माणसं लांब करा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. दिल्लीच्या मायापुरीत २०१०मध्ये भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे कामगारांना किरणबाधा झाली आणि त्यातला एक जण दगावला.

तीन पाकळ्या अनोळखी माणसाला पंख्यासारख्या वाटतात. म्हणून २००७मध्ये आणखी एक चिन्ह आलं: लाल त्रिकोण, वर पाकळ्या आणि त्यातून निघणारे किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते उपकरणाच्या आतल्या आवरणावर असतं. म्हणजे ते दिसलं याचा अर्थ कुणीतरी उघडायला सुरुवात केलेली आहे. तिथेच हात थांबवायचा.

प्रश्न : यार्डात मराठी, कोंकणी, हिंदी, ओडिया, बंगाली बोलणारे आहेत. पाटीवर किती भाषा लिहायच्या? (वास्को)

चित्राच्या पाटीत एकही नको. मजकूर खाली वेगळ्या आयतात, फार तर दोन भाषांत. आणि भाषा बोलायची ठेवा. 'प्रज्वलनशील पदार्थ, धूम्रपान निषिद्ध' यापेक्षा 'इथे पेट घेतं, बिडी नको' हे लवकर पोचतं. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला पाट्यांसमोरून फिरवा आणि अर्थ तुम्ही सांगू नका, त्याला विचारा. आयएसओमध्ये नव्या चिन्हांची परीक्षाही अशीच, लोकांना अर्थ विचारून घेतात.

प्रश्न : पाट्या किती वर्षांनी बदलाव्या? (बुटीबोरी)

वर्षं मोजू नका, रंग बघा. उन्हात साध्या प्रिंटमधला लाल सहसा आधी उडतो, काळा टिकतो. पश्चिमेच्या भिंतीवरची धूम्रपानबंदीची पाटी अशी विटली की मागे उरते पांढऱ्या जमिनीवर एक ठसठशीत काळी सिगारेट, म्हणजे बिडी ओढायच्या जागेची खूणच. बाहेरच्या पाट्यांना उन्हात टिकणारं लॅमिनेशन किंवा पत्र्यावर भाजलेला रंग घ्या, फ्लेक्स नको.

शेडमध्ये जुने सोडियमचे पिवळे दिवे असतील तर अजून एक तपासणी करा. त्या उजेडात निळं काळपट दिसतं, लाल तपकिरी होतं आणि पिवळा-पांढरा एकच वाटतो. दिवसा सगळं ठीक दिसेल, म्हणून ही फेरी रात्रपाळीत मारा.